रविवारचं वजन

४ मार्च

पोट कापून घ्यायचं ठरवलंस आणि ते मला कवळीच्या डबीतून कळावं? सख्ख्या आजीला?

तू दुरुस्त करून पाठवलेली वरची कवळी काल मिळाली. ती ज्या कागदात गुंडाळलीस तो कागद तू बघितला नसशील. मी बघितला. चाळीस वर्षं रद्दीच्या दुकानात काढली मी. शाळा तिसरीत सुटली, पुढचं सगळं रद्दीत वाचून शिकले. लोकांची मृत्युपत्रं वाचली, प्रेमपत्रं वाचली, नापास झालेल्यांची प्रगतिपुस्तकं वाचली. माझ्याकडे काही गुंडाळून पाठवलं की मी आधी कागद वाचते, मग आतली वस्तू बघते, हे तुला माहीत नाही होय? कवळी टेबलावर पडून राहिली आणि मी वाचत बसले. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, आधीचे चौदा दिवस काय प्यावे. खाली पेनने तुझं वय एकतीस, वजन एकशे एकवीस, तारीख ९ एप्रिल.

पासंगे, आता नमस्कार-चमत्कार. मी बरी आहे. गुडघे आहेत तिथेच आहेत. दुकान भाचा बघतो, मी खुर्चीत बसून त्याच्या चुका काढते.

मला तीन गोष्टी कळव. एक, हे पोट कापतात म्हणजे नक्की काय कापतात. दोन, तो कोण आहे? ज्याला तू जाड वाटतेस त्याचा पत्ता पाठव, मी त्याला दोन ओळी लिहिते. तीन, तुझ्या आईला हे माहीत आहे का? नसेल, अशी माझी खात्री आहे. माहीत असतं तर तिने आत्तापर्यंत तुला मैदानाला बांधून ठेवलं असतं.

फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही, शेजारीण मधे उभी राहून ओरडून सांगते आणि आख्ख्या गल्लीला तुझं पोट कळेल.

आजी

ता.क. कवळी डावीकडे टोचते.


११ मार्च

प्रिय आजी,

कागदाबद्दल माफ कर. लॅबमध्ये टेबलावर प्लास्टर सांडलं होतं, घाईत हाताला लागला तो कागद घेतला. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडांचे साचे हातात असतात, आपलं तोंड उघडायचं राहून जातं. तुला सांगणार होते. झाल्यावर.

तो कोणी नाही. खरंच नाही. ज्याला दोन ओळी लिहायच्या तो माणूस अजून जन्माला यायचाय.

मला पीसीओएस आहे. बायकांच्या बीजकोशांचा आजार. शरीरातल्या रसायनांचा तोल जातो. पाळी चार-चार, पाच-पाच महिने येत नाही. साखर जिरवायला शरीरात इन्सुलिन असतं, माझं शरीर त्याचं ऐकतच नाही, म्हणून वजन वाढतं, आणि वजन वाढलं की ते आणखी ऐकेनासं होतं. तोंडावर केस येतात, ते मी चिमट्याने उपटते. साखर आता औषधाच्या उंबरठ्यावर आहे. झोपेत श्वास अडकतो, म्हणून नाकावर नळीचा मुखवटा लावून झोपते. लॅबमधलं माझं स्टूल दोनदा बदलून झालं. दुसऱ्यांदा मालकांनी काही न बोलता लोखंडी आणून ठेवलं. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

कापतात ती पोटाची आतली पिशवी. पाच बारीक भोकं पाडून, दुर्बिणीने. पिशवीचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. मग भूक कमी लागते आणि थोडक्यात पोट भरतं. डॉक्टरीण म्हणाली, आजार यानं पुसला जाणार नाही, पण वजन उतरलं की पाळी, साखर, श्वास, बरंचसं ताळ्यावर येऊ शकतं. जन्मभर गोळ्या आणि तपासण्या मात्र सांभाळाव्या लागतील. मला मूल हवं की नको ते अजून ठाऊक नाही, आजी. पण ते मी ठरवायचंय, माझ्या बीजकोशांनी नाही.

आईला सांगितलेलं नाही आणि तू सांगायचं नाहीस. ती शाळेत पी.टी. शिकवते, पहाटे पाच किलोमीटर धावते, आणि तिच्या मते मैदानाच्या वीस फेऱ्यांनी जगातला कुठलाही आजार जातो. त्या फेऱ्या मी मारल्या आहेत. माझ्याच वर्गातल्या मुली कठड्यावर बसून मोजायच्या. आईच्या हातात शिट्टी असायची. ऑपरेशन म्हणजे तिच्यासाठी पळवाट. मला तिच्या तोंडून तो शब्द हॉस्पिटलात जायच्या आधी ऐकायचा नाही.

शपथ घाल स्वतःला.

तुझी,
पासंग

ता.क. डावीकडची कड पाठव, घासून देते. कशात गुंडाळायची ते मी आता बघून ठरवीन.


१७ मार्च

शपथ मी घालत नाही, सवय नाही. शब्द देते. सांगणार नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा दार लावून वाचलं.

पासंगे, तू सव्वा वर्षाची होतीस तेव्हा दुकानातल्या मोठ्या काट्याच्या पारड्यात बसून खिदळायचीस. काट्याचा तोल सारखा करायला जो तुकडा अडकवतात त्याला पासंग म्हणतात, म्हणून तुझं हे नाव पडलं. तेव्हा मी म्हटलं होतं, ही पोर तुझ्या आजोबांवर गेली. आता कळतं, तू माझ्यावर गेलीस.

मी रोज सकाळी दाढी करते.

हसू नकोस. आणि रडूही नकोस. वयाच्या सतराव्या वर्षी हनुवटीवर पहिला केस आला, लग्न झालं तेव्हा पंधरा-वीस होते. मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे ते कष्टाळू होते म्हणून नाही. मोरीत जाऊन तुझ्या आजोबांच्या वस्तऱ्याने खरडायचे. त्यांच्या लक्षात कधी आलं ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की महिन्याला ब्लेडचं एक पाकीट पुरणारा तो माणूस दोन आणायला लागला. एक आपल्या डब्यात ठेवायचा, एक माझ्या साबणाखाली. तो बोलला नाही, मी विचारलं नाही. अशा नवऱ्याबद्दल लोक पुस्तकं लिहीत नाहीत. मी रद्दीत तरी कधी बघितलं नाही.

पाळी यायची तेव्हा यायची. वर्षात तीनदा आली तर खूप. लग्नानंतर नऊ वर्षं मूल नाही. नातेवाईक त्यांना म्हणायचे, दुसरी कर. माझ्या समोर म्हणायचे, मी जणू गठ्ठ्यांच्या मागे ठेवलेलं सामान. मग तुझी आई झाली, कशी झाली ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पुन्हा काही झालं नाही. त्या काळी याला नाव नव्हतं. होतं ते नाव माणसाला ठेवायचे, आजाराला नाही.

तेव्हा तुझं खाणं जास्त म्हणून तुझं असं झालं, असं कुणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठव. हे मी दिलंय तुला. तुझ्या आईला ओलांडून थेट.

ऑपरेशन कर. डॉक्टरीण शहाणी दिसते, जे होणार नाही तेही सांगते. मी ८ तारखेला बसने येते, पंधरा दिवस राहते. तुझ्या आईला सांगू की कवळी नीट करायला आलेय.

आजी


२८ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र एप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय. कडेला गुलाबी मेण लागलंय.

काल हनुवटीवरचा एक केस उपटला नाही. दिवसभर कुणाला दिसला नाही, मला मात्र सारखं तुझ्याशी गप्पा मारल्यासारखं वाटत होतं.

येऊ नकोस. रागावू नकोस, ऐक. बसचा सात तासांचा प्रवास तुझ्या गुडघ्यांना सोसायचा नाही, आणि हॉस्पिटलात सिस्टर काय सांगतायत ते तुला ऐकू येणार नाही. शिवाय तू आलीस की आईला वास लागेल. तिला मी सांगितलंय, कंपनीच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी चाललेय. लॅबमधली माझी मैत्रीण माझ्याजवळ थांबणार आहे. ती धीट आहे. तू काळजी करू नकोस. पातळ खाणं सुरू झालंय. सूप, दूध, पुन्हा सूप. मला स्वप्नात पाव दिसतो.

झाल्यावर लिहीन.

तुझी,
पासंग


८ मे

प्रिय आजी,

महिनाभर लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमा. ऑपरेशन व्यवस्थित झालं. टाके थोडे ओढतात. मैत्रीण थांबली होती. डॉक्टरीण खूश आहे. दिवसाला अर्धा तास चालते. आईला काही संशय नाही.

तुला आकडे आवडतात म्हणून लिहिते. ऑपरेशनच्या दिवशी ११८ होते. मग पहिल्या रविवारी ११६.५, दुसऱ्या रविवारी ११५, तिसऱ्या रविवारी ११३.५, चौथ्या रविवारी ११२.

तू कशी आहेस? कवळी आता टोचत नाही ना?

तुझी,
पासंग


१४ मे

खोटं बोलायचं तर निदान काट्यावाल्या बाईशी बोलू नये.

दुकानात लोक रद्दी ओली करून आणायचे, वजन भरावं म्हणून. मधल्या गठ्ठ्यात पाणी मारायचे आणि वर कोरडा कागद ठेवायचे. मी अशी रद्दी बाजूला टाकून रोज तोलायचे, नक्की किती पाणी होतं ते कळावं म्हणून. पहिल्या दिवशी ती भसकन उतरायची. दुसऱ्या दिवशी त्याच्या निम्मी. मग दोन-तीन दिवस जिथल्या तिथे, जणू रुसलीय. मग एखाद्या सकाळी काही कारण नसताना परत खाली. पुठ्ठा असो, कापूस असो, माणूस असो, अंगातलं उतरताना असंच उतरतं. वेडंवाकडं.

तुझं कसं उतरलं? दीड, दीड, दीड, दीड. पोटाची पिशवी कापलेली पोर पहिल्या आठवड्यात फक्त दीड किलो उतरते आणि चौथ्यातही दीडच? असं वजन फक्त टेबलाशी बसून उतरतं.

आणि तुझं पत्र! तू मला लिहितेस तेव्हा प्लास्टर सांडतं, मालक येतात, स्टूल येतं, पाव स्वप्नात येतो. या पत्रात कोणी नाही. टाके ओढतात म्हणे. कुठले, उजवीकडचे की डावीकडचे?

ऑपरेशन झालेलं नाही. नाही झालं तर नाही झालं, त्यासाठी मी तुला फासावर देणार नाही. पण काय झालं ते लिही. आणि या वेळी आकडे नकोत.

आजी


२१ मे

आजी,

नाही झालं.

९ तारखेला सकाळी सहा वाजता गेले. पातळ खाण्याचे चौदा दिवस मी एकही चुकवला नव्हता, तेवढं खरं मान. सिस्टरने अंगात घालायला गाऊन दिला, तो मागे बंद होईना. तिने दुसरा आणला आणि मागून उलटा घातला, म्हणजे दोन्ही बाजू झाकल्या गेल्या. चांगली होती ती. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग तिने पाटीवरचा कागद पुढे केला. सोबत कोण आहे, नाव आणि नातं लिहा. इथे बाहेर एक माणूस थांबावाच लागतो.

मैत्रीण नव्हतीच, आजी. लॅबमध्ये मी कुणालाच सांगितलं नाही. तू येऊ नयेस म्हणून ती बनवली. मला वाटलं होतं, सही करायची आणि आत जायचं, माणसाचं काय काम. मी म्हटलं, येतायत, गाडी लावायला गेलेत. सिस्टर म्हणाली, बरं. मी उलट्या-सुलट्या गाऊनमध्ये खाटेच्या काठावर बसून राहिले. समोरच्या खाटेवरच्या बाईचं पण तेच ऑपरेशन होतं. तिची बहीण तिच्या पायाला मोजा चढवत होती आणि दोघी कसल्या तरी गोष्टीवर भांडत होत्या, घरी गॅस बंद केला की नाही यावर. मला इतका हेवा कधी कुणाचा वाटला नाही.

तासाभराने सिस्टर परत आली. म्हणाली, अहो, गाडी कुठे लावतायत, दुसऱ्या गावात? मी हसले. ती पण हसली. मग ती वळली आणि मी माझे कपडे घातले.

चार दिवस एका लॉजवर राहिले, प्रशिक्षण संपेपर्यंत. मग घरी गेले. आई म्हणाली, चेहरा उतरलाय, बारीक झालीस, चांगलं आहे, चालू ठेव.

तू मला वस्तऱ्याची गोष्ट सांगितलीस. साठ वर्षं कुणाला न सांगितलेली. त्यानंतर मी पळून आले असं तुला कसं लिहू? म्हणून आकडे लिहिले. मला ऑपरेशनची भीती नाही वाटत. शुद्धीवर येईन आणि खोलीत कोणी नसेल, याची वाटते.

डॉक्टरीण म्हणते, जुलैच्या आत परत या, नाहीतर सगळ्या तपासण्या पुन्हा. मी अजून हो म्हटलेलं नाही.

पासंग


२६ मे

(हे पत्र शाळेच्या पत्त्यावर, सुट्टीतलं खेळाचं शिबिर घेणाऱ्या पी.टी.च्या बाईंना.)

शिट्टी खाली ठेव आणि बसून वाच.

तुझी लेक एप्रिलमध्ये प्रशिक्षणाला गेली नव्हती. ती हॉस्पिटलात गेली होती, पोटाचं ऑपरेशन करायला. सोबत कोण असं विचारलं तेव्हा तिला सांगायला एक माणूस सापडलं नाही. गाडी लावायला गेलेत म्हणाली. तासभर वाट बघितली आणि निघून आली. कुणाची वाट बघत होती ते तूच सांग. तिची आई त्याच गावात दोन बसथांब्यांवर पोरींना उड्या मारायला लावत होती.

मी तिला शब्द दिला होता की तुला सांगणार नाही. मोडला. तिच्याशी माझं मी बघून घेईन.

पोरीला आजार आहे. आळस नाही. तो आजार मला होता आणि आहे, तुला वगळून तिला गेला. वीस फेऱ्यांनी जाणारा असता तर माझा कधीच गेला असता, मी दिवसाला दोनशे किलो रद्दी उचलत होते. तू काटक निघालीस यात तुझं कर्तृत्व काही नाही, नशीब आहे. त्याची शेखी आपल्या पोरीसमोर मिरवू नये.

एवढी कठोर तू कुणाकडून झालीस हे मला खरंच कळत नाही.

आई


२ जून

आई,

कुणाकडून झाले, ते तुला खरंच कळत नाही?

मी सहा वर्षांची असल्यापासून चौदा वर्षांची होईपर्यंत दर रविवारी सकाळी तू मला दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभं करायचीस. गिऱ्हाइकं बाकावर बसलेली असायची. तू वजनं चढवायचीस आणि आकडा मोठ्याने वाचायचीस. कमी झालं असेल तर मान हलवायचीस. वाढलं असेल तर काहीच बोलायची नाहीस, संध्याकाळपर्यंत. शनिवारी मी जेवायचे नाही. तुला कधी कळलं नाही, कारण मी ताट हातात घेऊन मागच्या ओट्यावर जायचे.

तू दाढी करतेस हे मला आठव्या वर्षापासून माहीत आहे. मोरीच्या दाराला फट होती. आरशात स्वतःची हनुवटी मी तेव्हापासून रोज बघते. मी पहाटे धावते ती कशापासून धावते, असं तुला वाटतं?

मला मुलगी झाली आणि ती आठव्या वर्षी गोल व्हायला लागली, तेव्हा मला तो काटा दिसायला लागला. तू मला काट्यावर चढवलंस, मी तिला कधीच चढवणार नव्हते. म्हणून मैदानावर नेलं. मला वाटलं, हे वेगळं आहे.

तुझं पत्र वाचून मी तास सोडून दिला. मुलींना वाटलं, पाऊस येणार आहे.

तिच्याशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. तुझ्याशी बोलायचं सुचतंय, पण ते चांगलं नाही, म्हणून इथे थांबते.

तुझी मुलगी


२८ जून

प्रिय आजी,

आईने तुझं पत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं, ते वाचून तुझ्यावर मी तीन दिवस रागावले होते. चौथ्या दिवशी आई माझ्या लॅबमध्ये आली. कधी आली नव्हती. ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी, साच्यांच्या मांडणीपाशी उभी. सगळ्या कवळ्या तिच्याकडे बघून हसतायत असं दिसत होतं. मालकांनी बसायला माझं लोखंडी स्टूल दिलं. ती त्यावर बसली, खाली वाकून त्याचे पाय बघितले, आणि मला म्हणाली, "हे कधी आणलं?" मी म्हटलं, दोन वर्षं झाली. ती म्हणाली, "तू सांगितलं नाहीस." मी म्हटलं, नाही. तेवढंच. मग आम्ही चालत घरी आलो आणि पहिल्यांदाच ती माझ्या चालीने चालली. एरवी तिच्या मागे धापा टाकायची सवय मला.

वाटेत म्हणाली, पुढची तारीख कधी?

२४ ला ऑपरेशन झालं. मी आता हॉस्पिटलातून लिहितेय, उजव्या हाताला सुई आहे म्हणून अक्षर असं. कागदावर नातं लिहायच्या जागी आईने आई लिहिलं आणि पेन इतकं दाबलं की खालचे दोन कागद फाटले.

शुद्धीवर येताना मी म्हणे तिला सारखं सांगत होते, आई तू जा, शाळेला उशीर होईल. ती म्हणाली, रजा टाकलीय. माझा विश्वास बसेना. तीस वर्षांत तिने रजा टाकलेली नाही. मी सिस्टरला विचारलं, ही खरंच इथे आहे का? सिस्टर म्हणाली, सकाळपासून आहे, उठवलं तरी उठत नाही.

काल व्हरांड्यात चालवलं. आई सवयीने "एक दोन, एक दोन" म्हणायला लागली, मग गप्प झाली. मी म्हटलं, म्हण, बरं वाटतं. पण समोरच्या खोलीतले आजोबाही तालावर चालायला लागले.

दुखतंय, आजी. टाके उजवीकडचे जास्त ओढतात. घोटभर पाणी प्यायला दहा मिनिटं लागतात. काल रडले, कारण मला काही खावंसंच वाटेना, आणि ते इतकं अनोळखी होतं की घरातलं कुणीतरी निघून गेल्यासारखं वाटलं. आई म्हणाली नाही की रडू नकोस. नुसती पाय चेपत बसली. तिचे हात फार कडक आहेत.

ती तुझं नाव काढत नाही. तुला तिने काय लिहिलं ते मला माहीत नाही. तू तिला उत्तर दिलंस का?

तुझी,
पासंग


५ जुलै

नाही दिलं. महिना झाला. चार कागद फाडले आणि आपल्याच रद्दीत टाकले.

हे पत्र दोघींना आहे. आधी पोरीचं.

पासंगे, शब्द मोडला तो मोडला. माफी मागत नाही, कारण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडीन. तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. होय, दाखवलं, आता गल्लीला कळू दे. घोट-घोट पाणी पी. गोळ्या चुकवू नकोस. केस गळतील असं तुझ्या त्या कागदावर लिहिलं होतं, तेव्हा घाबरू नकोस. कठीण दिवस अजून पुढे आहेत, तू फक्त एकेक दिवस काढ. आता पडून राहा आणि हे पुढचं तुझ्या आईला दे. वाचलंस तरी चालेल. घरात लपवायला आता उरलंय काय!

लेकी,

खरं आहे. दर रविवारी उभं करायचे. आकडा मोठ्याने वाचायचे, तेही खरं. मी भाच्याला विचारलं, तो तेव्हा बाकावर बसायचा. तो म्हणाला, "मावशी, आम्हाला वाटायचं तुम्ही गंमत करताय. पण ती हसायची नाही." तो एवढं बोलला आणि गिऱ्हाइकाकडे गेला. मी दिवसभर त्याची एकही चूक काढली नाही.

शनिवारच्या ताटाचं मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. ओट्यावरची मांजरं का माजलीत, हे मी विचारायचे, आठवतंय.

नऊ वर्षांनी झालीस तू. तुला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी काय बघितलं माहीत आहे? हनुवटी. वर्षं गेली तरी तेच. माझ्यासारखी निघालीस तर लोक तुला ते सगळं म्हणतील जे मला म्हणाले, एवढंच डोक्यात होतं. काटा माझा ओळखीचा होता, दुसरं काही मापायला मला येत नव्हतं. आकडा वाढला की मी घाबरायचे. घाबरले की माझं तोंड बंद होतं. तू त्याला राग समजलीस. सहा वर्षांच्या पोरीने दुसरं काय समजायचं? चूक तुझी नाही. माझी. मोठ्या माणसाची.

मला वाटायचं, मी तुला वाचवलं. तू बारीक राहिलीस, शाळेत बाई झालीस, तुला कुणी काही बोललं नाही, म्हणजे मी जिंकले. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं की लोकांच्या आधी मीच बोलून बसले होते, दर आठवड्याला, बाकासमोर.

तू विचारलंस, मी कशापासून धावते. मला माहीत आहे कशापासून. आता इतकं धावून झालंय, जरा पोरीच्या चालीने चालतेस असं तिने लिहिलंय. तशीच चाल.

मी येत नाही. गुडघे, बस, बहिरे कान, सगळी कारणं खरी आहेत. पण खरं कारण असं की तू बोलावल्याशिवाय मला तुझ्या घरात पाय ठेवायचा नाही. बोलावलं नाहीस तरी मी समजून घेईन. तक्रार करीन, पण समजून घेईन.

याचं उत्तर पोरीने लिहायचं नाही. तिच्या हाताला सुई आहे, आणि ती माझी बाजू घेईल, ते मला नको. सिस्टरकडून निरोप नको. शेजारणीला फोन करून "आईला सांगा सगळं ठीक आहे" असं तर मुळीच नको. वाटेल तितके दिवस घे. चांगलं नसेल ते लिही, आधीच्या पत्रात जिथे थांबलीस तिथून पुढे लिही, मी बसून वाचीन. पण उत्तर तू लिहायचंस. तूच.

आई